पौषातली बुडी

तांबोशी लाल नसते! म्हणजे ताटात असते, मालवणच्या बाजारात टोपलीत असते, पण तिच्या स्वतःच्या घरी, वीस मीटर खोल पाण्यात, ती करडी, सावळी, जवळजवळ न दिसणारी असते. पाणी उजेडातला लाल रंग सगळ्यांत आधी गिळून टाकतं. खाली लाल उरतच नाही, म्हणून लाल मासा तिथे अंधारात मिसळून जातो. तिचा तो रंग मिरवायला नाहीच, लपायला आहे! हे मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं, आणि गेले नऊ महिने मी भेटेल त्याला हे सांगत सुटले आहे.

कळलं ते माझ्याच नखांमुळे. मार्चमध्ये लेकीच्या आग्रहाने मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडी थांबली, पाठीवर सिलिंडर चढलं, तोंडात रेग्युलेटर आला आणि माझे हात थरथरायला लागले. होडीवरचा मुलगा म्हणाला, "घाबरू नकात. श्वास सावकाश घेवा, पण धरून ठेवू नकात." मी तोंड पाण्याखाली नेलं आणि श्वास घेतला. आणि तो आला! पाण्याखाली, समुद्रात, मला श्वास आला. आपलाच श्वास इतका मोठ्याने मी कधी ऐकला नव्हता. आत घेताना घर्र, सोडताना बुडबुड्यांची माळ वर. पाच-सहा मीटरवर पोचल्यावर मी प्रशिक्षकाचा हात घट्ट धरला, तेव्हा नखांवरचं लाल नेलपॉलिश चक्क तपकिरी दिसलं. त्याच्या पलीकडे काळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा माझ्या चेहऱ्यासमोरून असा गेला, जणू मी एखादा खडक आहे. वीस मिनिटं होतो म्हणे आम्ही खाली. मला विचाराल तर मी अजून वर आलेलीच नाही.

"आई, अंदमानला जायचं?" लेकीने परतीच्या गाडीतच विचारलं. त्या क्षणापासून आमच्या घरात एक दोनशे पानी वही आहे, आणि त्या वहीइतका आनंद मला कुठल्याही पुस्तकाने दिलेला नाही.

ठरलं ते हॅवलॉक. एका इंग्रज सेनापतीचं हे नाव बदलून 2018 मध्ये बेटाला स्वराज द्वीप म्हणू लागले. त्यामागची हकीकत वाचताना मी खुर्चीतून उठलेच. 30 डिसेंबर 1943 ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला आणि अंदमान-निकोबारला शहीद आणि स्वराज ही नावं दिली. आणि त्याच 1943 सालात, तिकडे फ्रान्समध्ये, जाक कुस्तो आणि एमिल गान्याँ हे दोघे पाण्याखाली लागेल तेवढीच हवा देणारं यंत्र सिद्ध करत होते. माझ्या तोंडातला तो रेग्युलेटर त्याच यंत्राचा वंशज! एकाच वर्षी त्या बेटांना शहीद आणि स्वराज ही नावं मिळाली आणि माणसाला समुद्रात मोकळं फिरायला मिळालं. दोन्ही नोंदी वहीच्या एकाच पानावर आहेत.

महिना ठरला जानेवारी. जानेवारीच का? मे ते सप्टेंबर तिथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोसळतो, आणि परतीच्या वाऱ्यांचा पाऊस पुढेही रेंगाळतो. जानेवारीपासून आभाळ उघडतं, समुद्र निवतो, पाणी नितळ होतं. आपल्याकडे स्वेटर निघालेले असतात आणि तिथलं पाणी सव्वीस-सत्तावीस अंशांवर. पण नेमकी तारीख ठरवली ती कालनिर्णयावर! प्रवाहांबद्दल वाचताना मला रत्नागिरीचे मामा आठवले. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, हे त्यांनी लहानपणी सांगितलेलं. भांगाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा फरक कमी, म्हणून पाण्याची ओढही कमी. माझ्यासारख्या नवख्या माणसाला तेच हवं. मग बोट फिरवत पौष वद्य अष्टमी शोधली आणि तिच्या दोन्ही बाजूंचे दिवस धरले. मामांचं ते शहाणपण बंगालच्या उपसागरातही लागू पडावं, याने मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

प्रवास लांबचा आहे. चेन्नईहून विमानाने साडेतेराशे किलोमीटर, मग पोर्ट ब्लेअरहून (2024 पासून श्री विजयपुरम) बोटीने दीड-दोन तास. घड्याळ आपलंच, पण बेटं इतकी पूर्वेला की जानेवारीत पावणेसहापर्यंत उजाडतं आणि सव्वापाचला सूर्य बुडतो. म्हणून सगळं पहाटे. राधानगर किनारा, गोविंदनगर, श्यामनगर ही गावांची नावं वाचून नवल वाटलं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित बंगाली कुटुंबांनी पन्नासच्या दशकात वसवलेली ही गावं. जेवणात मासळी-भात मिळणार, माझी काळजी मिटली.

पण वहीची सर्वांत जास्त पानं खोलीने भरली आहेत. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. दहा मीटरवर दुप्पट, वीसवर तिप्पट. दहा मीटरवर छाती भरून घेतलेला श्वास तसाच कोंडून वर आलात, तर तो छातीत दुप्पट फुगू पाहणार. "धरून ठेवू नकात" म्हणजे काय ते मला जूनमध्ये, पुण्यात पावसाच्या आवाजात, एकदम समजलं आणि अंगावर काटा आला. त्या मुलाने एका वाक्यात अख्खा धडा दिला होता! खुणांचंही तसंच. पाण्यात अंगठा वर केला तर "मस्त" नव्हे, "वर चला". मस्त असेल तर अंगठा आणि तर्जनीचा गोल. लेक आणि मी आता स्वयंपाकघरात गोलच करतो.

नुसती एक बुडी मारून यायचं नाही, शिकून यायचं असं ठरवलं आहे. ओपन वॉटर नावाचा अभ्यासक्रम, तीन-चार दिवसांचा, समुद्रातल्या चार बुड्यांचा, अठरा मीटरपर्यंत जायची मुभा देणारा. त्यासाठी दोनशे मीटर पोहता यावं लागतं, वेळेची अट नाही, आणि दहा मिनिटं तरंगता यावं लागतं. मी ऑगस्टपासून रोज सकाळी तलावावर जाते. पहिल्या दिवशी पंचवीस मीटरमध्ये दम लागला. काल दोनशे चाळीस झाले! प्रकृतीचा अर्ज भरून डॉक्टरांची सही आणली. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, म्हणजे कान मोकळे होतात. तेही रोज करते.

आणि तिथे काय काय आहे! जेटीजवळ प्रवाळाने मढलेली उभी भिंत, दूर समुद्रात डिक्सन्स पिनॅकलचे सुळके, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर समुद्रफुलांत घर करून राहणारे विदूषक मासे. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात आणि त्यांच्या पोटातून त्याची वाळू होऊन बाहेर पडते. बेटांच्या शुभ्र किनाऱ्यांमध्ये त्यांची मेहनत आहे. 2010 मध्ये समुद्र तापला आणि इथलं कितीतरी प्रवाळ पांढरं पडून मेलं. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. प्रवाळाला हात लावायचा नाही, त्याचा तुकडाही उचलायचा नाही. कायद्याने तो गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी मी लावला नसता.

शेवटचा दिवस मात्र आम्ही ठरवला नाही, नायट्रोजनने ठरवला. खोल पाण्यात तो रक्तात मुरतो आणि सावकाश बाहेर पडतो, म्हणून अनेक बुड्यांनंतर निदान अठरा तास विमानात बसायचं नसतं. आम्ही पूर्ण दिवस ठेवला आहे. तो सेल्युलर जेलमध्ये जाईल. सावरकर 1911 ते 1921 तिथे होते. काळं पाणी हे शब्द शाळेपासून माझ्या कानात आहेत. चार दिवस त्याच पाण्यात मुक्त फिरून मग मी त्या कोठडीपुढे उभी राहणार आहे.

तुम्ही आधी मालवणला जा. पोहता येत नसलं तरी पहिल्या बुडीला चालतं, प्रशिक्षक हात सोडत नाही. पावसाळा टाळा, सर्दी असेल तर बरी होईपर्यंत थांबा, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा. आणि जाताना नखांना लाल रंग लावायला विसरू नका.