आकडा मागण्याचा अधिकार

जहाजांच्या धुराचा हिशेब विमेवाले कसा ठेवतात ते सामान्य वाचकास उमजेल अशा भाषेत लिहावे, असे संपादकमहाशयांनी फर्माविले, त्याच आठवड्यात एका ताफ्याच्या विम्याच्या नूतनीकरणाचे कागद माझ्या मेजावर होते. मालकाने आपल्या नव्या जहाजांच्या इंधनखर्चाचे दाखले ब्रोकरमार्फत तत्परतेने धाडले होते. जुन्या जहाजांपुढील रकाने मात्र कोरे होते. जे आकडे येतात त्यांवरून सरासरी काढावी, तर ती प्रकृतीने बऱ्या असलेल्या जहाजांचीच निघते, आणि त्या सरासरीवर आमची सही असते, हे शल्य मला स्वस्थ बसू देत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये स्विस री, गार्ड, नॉर्वेजियन हल क्लब प्रभृती विमेदारांनी ‘पोसायडन प्रिन्सिपल्स फॉर मरीन इन्शुरन्स’ हा जाहीरनामा स्वीकारला. ज्या जहाजांच्या हल अँड मशिनरीची, म्हणजे सांगाड्याची व यंत्रांची, जोखीम आपण पत्करतो, त्यांचे उत्सर्जन आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने आखलेल्या उताराशी कितपत जुळते, हे दरसाल प्रसिद्ध करण्याचे वचन त्यात आहे. जुलै २०२३ च्या धोरणानुसार तो उतार २०५० च्या सुमारास निव्वळ शून्यावर टेकावयाचा आहे. वचन उदात्त आहे व मी त्याचा मनःपूर्वक पुरस्कर्ता आहे. परंतु ते पाळण्यास लागणारा आकडा मागण्याचा हक्क विमेदारापाशी जवळजवळ नाहीच, हे बाहेर कोणी ध्यानात घेत नाही.

बँकांनी असाच संकल्प २०१९ मध्ये सोडला, पण बँकेचे जहाजावर तारण असते, करारनामा अनेक वर्षांचा असतो, आणि माहिती पुरविण्याचे कलम त्यात घालता येते. आमची पॉलिसी बहुधा वर्षाची. तीही अनेकांनी हिश्श्याहिश्श्याने उचललेली, त्यामुळे मागाहून स्लिपवर, म्हणजे कराराच्या मसुद्यावर, सही करणाऱ्या अंडररायटरला लीडने, म्हणजे दर ठरविणाऱ्या पहिल्या विमेदाराने, व ब्रोकरने जे दिले तेवढेच दिसते. १९०६ च्या इंग्रजी कायद्यात आणि त्याच्या वळणावर रचलेल्या आपल्या १९६३ च्या सागरी विमा अधिनियमात परम सद्भावाचे तत्त्व आहे खरे. पण मालकाने उघड करावयाची ती जोखमीच्या व हप्त्याच्या निर्णयावर परिणाम करणारी परिस्थिती. टनामागे धूर किती, यावरून जहाज खडकावर चढेल की नाही ते ठरत नाही. तेव्हा मालक मौन राखतो, यात कायद्याचा भंग नाही.

‘उपग्रहावरून सारे दिसत असेल की!’ असे सुशिक्षित माणसेही मला सांगतात, आणि त्याचा मला आता शीण येतो. उपग्रह जहाजाचे स्थान व वेग टिपतो. इंधन त्यावरून अनुमानावयाचे असते, आणि तळाला धरलेले शेवाळ वा समोरून येणारी लाट त्या अनुमानात नीटशी उतरत नाही. खरा आकडा जन्मतो तो टाकीच्या तोंडाशी. फोर्थ इंजिनिअर पितळी लंबक लावलेली साउंडिंग टेप नळीतून खाली सोडतो, ओली खूण वाचतो, जहाजाचा कल व झोक पाहून कोष्टकातून घनमान काढतो, आणि तापमानानुसार घनता सुधारून त्याचे टन करतो. समुद्र खवळलेला असला तर दोन वाचने जुळत नाहीत. त्यांची रुजुवात बंकर डिलिव्हरी नोटशी, म्हणजे इंधन भरतानाच्या पावतीशी, होते, आणि जड तेलाच्या प्रत्येक टनास ३.११४ टन कार्बन डायऑक्साइड धरला जातो. ही मेहनत करणाऱ्याविषयी मला नितांत आदर आहे.

त्या मेहनतीचे पुढे जे होते, त्यावर मात्र माझा जुना आक्षेप आहे. आम्ही ‘एईआर’ वापरतो: वर्षभरातील उत्सर्जनाचे ग्रॅम, भागिले भारक्षमता गुणिले कापलेले सागरी मैल. भारक्षमता म्हणजे वाहता येईल इतके वजन. प्रत्यक्ष वाहिलेले नव्हे. समजा, ८०,००० टनी दोन बल्क कॅरिअर वर्षात प्रत्येकी ६०,००० मैल फिरले. पहिल्याने ७०,००० टन माल ५०,००० मैल वाहिला व ७,००० टन तेल जाळले. दुसऱ्याने तेवढाच माल ३०,००० मैल वाहिला, बाकीची वाट बॅलास्टवर रिकामी कापली, आणि हलकेपणामुळे ६,५०० टनांत भागविले. एईआर पहिल्याचा ४.५४, दुसऱ्याचा ४.२२, म्हणजे ज्याने काम कमी केले तेच सरस! वाहिलेल्या टन-मैलांनी भागले की तेच आकडे ६.२३ आणि ९.६४ होतात. मालाचा तपशील हे व्यापारी गुपित आहे, ही सबब मला पटत नाही. २०२० च्या ‘सी कार्गो चार्टर’खाली जहाजे भाड्याने घेणारे नेमका हाच हिशेब करतात, कारण माल त्यांना ठाऊक असतो.

५,००० ग्रॉस टनेज व त्याहून मोठ्या जहाजांची इंधननोंद सागरी संघटना २०१९ पासून घेते, आणि मार्च २०२४ च्या दुरुस्तीने प्रत्यक्ष वाहतूककार्यही तीत आले. पण ते दफ्तर जहाजाच्या नावानिशी विमेदारास उघडावे म्हणून बांधलेलेच नव्हते. युरोपीय संघ आपल्या बंदरांत येणाऱ्यांचे आकडे नावासकट छापतो, आणि त्यावाचून व्यापार बुडाल्याचे मी ऐकलेले नाही. माझे मागणे इतकेच, की ध्वजराष्ट्राने पडताळलेला प्रत्येक जहाजाचा दाखला सर्व सहविमेदारांस देण्यास मालकाची संमती, असे कलम लीडने दर सांगण्याच्या वेळीच स्लिपमध्ये घालावे. एकट्या लीडने आग्रह धरला, तर ब्रोकर तोच धंदा न विचारणाऱ्या दुसऱ्या लीडकडे नेईल. म्हणून हे कलम सर्वांनी मिळून, एकाच शब्दांत, घालावयास हवे.