रेषेबाहेरचा पाय

पंचाला आंधळा म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः त्याला बहुधा नको तितके दिसते, हीच त्याची अडचण. बास्केटबॉलमध्ये धक्क्याने रेषेबाहेर गेलेल्या खेळाडूस पंच दोष देत नाही. पण प्रतिपक्ष्याला चुकविण्यासाठी कोणी मुद्दाम बाहेरून वळसा घेतला, तर तो नियमभंग ठरतो. म्हणजे तेथे पावलाबरोबर हेतूही पारखावा लागतो. आमच्या कबड्डीने हा पेच पुष्कळ सोपा केला आहे. झटापटीत देह बाहेर गेला, तरी एखादे अंग आत टेकलेले असेल तोवर खेळाडू बाद नाही. मात्र आधीच बाहेर गेलेल्याने चढाई करणाऱ्यास धरले, तर धरणाराच बाद.

हा नियम आम्हांस तोंडपाठ होता. तरीही कृष्णाकाठच्या उंब्रजला एका सामन्यात आम्ही पंच असताना आमच्या पुतण्याची टाच फक्कीच्या रेघेपलीकडे टेकलेली आम्ही पाहिली, आणि मग त्याने केलेली पकडही पाहिली. सारा गाव ओरडत होता. आम्ही शिट्टी वाजविली ती चढाई करणाऱ्यास बाद ठरविण्यासाठी! तो परगावचा पोर काही बोलला नाही. त्याने एकदा मातीतल्या ठशाकडे पाहिले, एकदा आमच्याकडे पाहिले, आणि मुकाट्याने बाहेर जाऊन बसला.

पुतण्या ती पकड केव्हाच विसरला. त्याचा पाय खेळाच्या भरात बाहेर गेला होता. आमचे तसे नव्हते.