लुगड्याचा रंग

रंगाची साक्ष कितपत ग्राह्य धरावी, हा प्रश्न न्यायासनावर न बसताही माणसास पडतो. जर्मन कवी गटे याने १८१० साली प्रसिद्ध केलेल्या रंगविषयक ग्रंथात एक अनुभव नमूद केला आहे. तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात एक तरुणी त्याच्या समोर उभी राहिली; गोरा चेहरा, काळे केस, लालभडक चोळी. तो तिच्याकडे टक लावून पाहत राहिला (कवींना एवढे क्षम्य असावे). ती दूर होताच पांढऱ्या भिंतीवर त्याला काळा चेहरा, भोवती उजळ वलय आणि समुद्राच्या पाण्यासारखा हिरवा पोशाख दिसला.

याचे कारण मुख्यतः डोळ्याच्या थकव्यात आहे. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन जातींच्या असतात. एकाच रंगाकडे पाहत राहिल्यास त्याला अधिक प्रतिसाद देणाऱ्या पेशी मंदावतात, ताज्या पेशींचे पारडे जड होते आणि पांढऱ्यावर विरोधी रंग उमटतो: तांबड्याचा निळसर हिरवा, निळ्याचा पिवळा, हिरव्याचा किरमिजी. स्वतःच्या सावलीकडे पाहून मग आकाशात छायापुरुष पाहण्याची आपल्याकडील साधनाही याच जातीची असावी.

साध्या छायाचित्राचाही हा खेळ करता येतो. संगणकावर त्याच्या एका प्रतीचे रंग उलटवून गडद करावे, छायाप्रकाशाचा भेद पुसून टाकावा, मध्ये ठिपका द्यावा. दुसरी प्रत कृष्णधवल करावी. ठिपक्यावर अर्धा मिनिट नजर खिळवून त्याच जागी दुसरी प्रत आणली, की करड्या आकाशात निळाई भरते, कौले तांबडी होतात. नजर हलली की सारे विरते.

आमच्यापाशी आईचे एकच छायाचित्र आहे, तेही मुळातच कृष्णधवल. प्रत्येक बदलीत ते सामानात न टाकता आम्ही हातात नेले. त्यातले नऊवारी लुगडे हिरवे होते असे आम्ही म्हणतो. धाकटी बहीण जांभळे म्हणते. तिसरा साक्षीदार हयात नाही. गेल्या दिवाळीत बहीण आमच्याकडे आली, तेव्हा दोघांनी आपापली प्रत तयार केली. आम्हांस हिरवे हवे, म्हणून लुगड्यावर किरमिजी रंग भरला. तिने पिवळसर पोपटी भरला. हवा तो रंग दिसावा म्हणून आईच्या अंगावर आधी नको तो रंग चढवावा लागला, हे जरा जिवावर आले.

नजर खिळवायला कुंकवाची जागा घेतली. अर्ध्या मिनिटाने चित्र पालटले आणि लुगडे हिरवे झाले. ते नीट पाहावे म्हणून नजर खाली वळवली, तोच ते करडे पडले. लुगडे पाहायचे तर कपाळाकडेच पाहत राहायचे, अशी ही अट होती.

बहिणीला जांभळे दिसले. पुरावा म्हणून याची किंमत काहीच नाही; आमचेच म्हणणे डोळ्याने उलटून परत केले, एवढेच. मग आम्ही प्रतींची अदलाबदल केली. जांभळ्या लुगड्यातली आई आम्हांस परकी वाटली नाही. हे बहिणीला सांगितले नाही. तिने हिरव्याबद्दल काही म्हटले नाही.

थोड्या वेळाने तिने विचारले, "दादा, काठ कसला होता रे?"

काठाविषयी दोघांच्याही मनात काहीच नव्हते. तो आम्ही करडाच ठेवला.