भुकेचं नवं नाव

आमच्या वस्तीत उपाशी राहण्याला वेगळा शब्द नव्हता. "जेवले न्हाय" एवढंच. का जेवली नाहीस, असं कुणी विचारायचं नाही. पिंपात हात घातला की उत्तर मिळायचं. आय सगळ्यांच्या शेवटी बसायची. टोपाच्या तळाला लागलेला भात खरवडून त्यात पेजेचं पाणी ओतायची, चुलीत भाजलेला सुका बोंबील मोडून घ्यायची. बोंबील संपला की त्याचा वास पुरायचा. तिच्या गळ्याची हाडं वर आली होती, पण जन्मात तिला कुणी 'स्लिम' म्हटलं नाही.

आज त्याच बोर्ली पंचतनात, त्याच वस्तीत, घरात तांदूळ असताना माझी भाची भात खात नाही. वय वर्षं 19, कॉलेजात जाते. सकाळी कोमट पाण्यात लिंबू, दुपारी दोन बिस्किटं, रात्री काकडी. विचारलं तर म्हणते, "मावशी, डायट हाय गो." घ्या! भुकेचं बारसं झालं.

गेल्या पावसाळ्यात लावणीला गेली आणि घेरी येऊन बांधावर पडली. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 7.8. डॉक्टरीणबाई लोहाच्या गोळ्या हातात ठेवतायत, आणि ही विचारते, "ह्यानं वजन वाढंल का?"

एकटी तीच असती तर मी लिहायला बसले नसते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या दर 100 बायांत 54 जणींना रक्तक्षय निघाला. आणि दर पाच बायांत एक तर उंचीच्या मानानं नको तितकी बारीक. जिथं बाया अशा सुकलेल्या, तिथंच बारीक व्हायचं स्वप्न विकायला ठेवलंय. 2008 साली 'टशन' सिनेमात करीना कपूर 'झिरो साईज' घेऊन आली. गंमत बघा, तिची आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर, आपली मराठी बाई, पुस्तकांतून सांगत आली की भात खा, तूप खा, आजी खायची ते खा. करीनाचं माप गावोगाव पोचलं. भात वाटेतच सांडला.

आणि आजी काय खायची? नाचणीची भाकरी. ती काळी दिसते म्हणून आम्ही शाळेत डब्याचं झाकण अर्धंच उघडून खायचो. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, आता तीच नाचणी मुंबईत चकचकीत पाकिटातून मिळते. भाकरीचा रंग तोच आहे. विकणारा बदलला.

रंगाचं निघालंच आहे तर बोलते. फेअर अँड लव्हली 1975 साली बाजारात आली. पुढं टीव्हीवर तिच्या जाहिराती आल्या. काळ्या पोरीला नोकरी नाही, नवरा नाही. ट्यूब चोळली की दोन्ही हजर. 2020 च्या मे महिन्यात अमेरिकेत पोलिसानं जॉर्ज फ्लॉइडला मारला, जगभर काळी माणसं रस्त्यावर आली, तेव्हा कुठं कंपनीनं नावातलं 'फेअर' खोडून 'ग्लो' लिहिलं. 45 वर्षांनी! त्याच जूनमध्ये निसर्ग वादळानं आमच्या पट्ट्यातली छपरं उडवली, सुपारीच्या बागा आडव्या केल्या. दुकानं पुन्हा उभी राहिली तेव्हा फळीवर ट्यूब होतीच, नव्या नावाची.

एका कार्यकर्त्या पोरानं मला अडवलं. म्हणाला, ताई, बाबासाहेबांनीसुद्धा बायांना 'त्यांच्यासारखं' नेसायला सांगितलं होतं की. मग ह्या पोरींना का बोलता?

सवाल चांगला आहे. महाड आपल्याच जिल्ह्यातलं. डिसेंबर 1927 च्या परिषदेत बाबासाहेब बायांशी वेगळं बोलले. लुगडं गुडघ्यापर्यंत आखूड नेसू नका, पांढरपेशा बायांसारखं नेसा. हातातले-गळ्यातले ते कथलाचे, चांदीचे गठ्ठे उतरवा. मेलेल्या जनावराचं मांस घरात येऊ देऊ नका. म्हणजे दिसणं आणि खाणं, दोन्हींवर बोलले. पण लुगड्याची ती तऱ्हा लांबून जात ओळखू यावी म्हणून आमच्यावर लादलेली होती. ती सोडता येते, आमच्या आज्यांनी सोडली. कातडी कुणी लादली? ती आयबापानं दिली. आणि मुरदाड सोडा म्हणणारा माणूस ताट सोडा म्हणत नव्हता रे बाबा. माणसासारखं जेवा म्हणत होता.

आता तुमच्याकडे वळते. टीव्हीला, मोबाईलला शिव्या घालणं सोपं आहे, त्यांची आणि आपली सोयरीक नाही. पण भाचीचा भात मोबाईलनं एकट्यानं सोडवलेला नाही. आदल्या वर्षी तिला बघायला मुंबईहून एक मुलगा आला होता. आपलाच, चळवळीतला. गळ्यात निळा रुमाल, दारातूनच कडक जयभीम. हुंडा नको म्हणाला, आम्ही खूश. चार दिवसांनी त्याच्या आत्याकडून निरोप आला: पोरगी चांगली आहे, फक्त जरा उजळ असती, अंगानं जरा कमी असती, तर.

त्या 'तर'च्या दुसऱ्या दिवसापासून डायट.

नागराज मंजुळेनं 2016 साली 'सैराट'मध्ये पाटलाची पोर सावळी आणि पारध्याचा पोर उजळ दाखवला. काय नाचलात तुम्ही 'झिंगाट'वर! आणि घरी येऊन बायोडेटात काय लिहिलंत? 'वधू गोरी, सडपातळ हवी.' वर तथागतांचा फोटो. मी असे बायोडेटा ढिगानं वाचलेत, वस्तीतल्या पोरींसाठी मलाच वाचायला देतात. जातीचा रकाना तुम्ही खोडलात, छान केलंत. त्याच्या खालचा रंगाचा रकाना का ठेवलात?

भाचीचं रक्त आता 9.6 वर आलंय. गोळ्या घेते, कुळथाच्या पिठीबरोबर भात घेते, कधी घेते कधी टाळते. बहीण म्हणते, मागं लागू नको, लागलं की पुन्हा थांबते.

गेल्या महिन्यात त्या मुलाची लग्नपत्रिका आली. पत्रिका सुंदर, निळ्या अक्षरांत. बहिणीनं ती चुलीत घालायला उचलली. भाचीनं हातातून काढून घेतली, तारीख वाचली आणि म्हणाली, "जाऊ या गो आये. मटण असंल."