खाडा

सांगली

चि. सानिका,


बाबाच्या ट्रंकेच्या तळाशी अंथरलेल्या कालनिर्णयच्या पानाचा फोटो पाठवून तू विचारलंस, ‘आत्या, हे लाल ठिपके कसले?’ दुपारी वाचलं, मग झोप काही लागली नाही.

ते माझे ठिपके. आजी त्याच पानावर दुधाचा हिशोब मांडायची. गवळी आला नाही की चौकोनात ‘खाडा’, आणि मला कावळा शिवला की कोपऱ्यात लाल पेन्सिलीचा ठिपका. (खाडा म्हणजे काय, हे तू म्हणे गूगलला विचारलंस. फोन करायचास की गं!) साल ८२ असेल, नाहीतर ८३, अकरावीत होते हे नक्की. तीन-तीन महिने ठिपका नसायचा. हनुवटीवर केस, मानेवर काळा पट्टा. तो मळच समजून आजी डाळीचं पीठ लावून घासायची, कातडी लाल होईपर्यंत. अंगात इन्सुलिन वाढलं की मान अशी काळवंडते, हे मला पन्नाशीत कळलं. मागच्या दिवाळीत तुझ्या मानेवर तो पट्टा पाहिला आणि गप्प बसले. चुकलंच माझं.

तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, ‘लग्न करून द्या, आपोआप मार्गी लागेल.’ आजीने पिशवी उचलली, घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून माझ्या चहातली साखर बंद, रात्री भाताऐवजी ज्वारीची भाकरी, पहाटे तिच्याबरोबर आयर्विन पुलापर्यंत चालायचं. पुढच्या वर्षी लागोपाठ तीन ठिपके आले, तर बाईने आनंदाने साजूक तुपातला गोड शिरा केला!

तुझी फंक्शनल मेडिसिनवाली बाई तेच सांगते: मूळ शोधा, झोप, जेवण, ताण लिहून ठेवा. पटतं मला. तिने दिलेल्या अकरा डब्या गोळ्या-पावडरी मात्र पटत नाहीत. अश्वगंधासुद्धा ‘आपलीच’ म्हणून घेऊ नकोस, थायरॉइडचं गणित बिघडू शकतं. तुझ्याच शिकागोत स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली सात बायकांवरून आपलं हे अंडाशयाचं दुखणं मांडलं. अंडाशयाचा तुकडाच कापून काढायचे तेव्हा. आता नुसतं रक्त द्यायचं आहे. आधी साध्या डॉक्टरकडे जा. टीएसएच, प्रोलॅक्टिन, साखर तपासून घे. पाळीसाठी गोळी दिली तर घाबरू नकोस. महिनोन्महिने पाळी आली नाही की गर्भाशयाचं अस्तर साचत जातं. आजीच्या भाकरीवर विसंबून पुढे मी गोळी टाळत राहिले आणि चाळिशीत क्युरेटिंग करून घ्यावं लागलं. हे तुझ्या बाबालाही माहीत नाही.

भाकरी थापायला शिकवते, रविवारी व्हिडिओवर बस. आणि शेवटचा ठिपका कोणत्या तारखेचा, ते आजच कळव.

तुझी,
आत्या