ताम्रपट आणि झाकण

माझे आजोबा बेचाळीसच्या चळवळीतले. साताऱ्याच्या प्रतिसरकारात, नाना पाटलांच्या माणसांत होते. १९७२ साली त्यांना ताम्रपट मिळाला आणि तो काचेच्या चौकटीत बसून सोप्यात देवांच्या तसबिरींशेजारी लागला. घरात आणखी एक धातूची वस्तू होती. हाताच्या पंजाएवढी ब्राँझची जाड चकती. तिच्यावर त्रिशूळ धरलेली एक बाई, एक सिंह, आणि इंग्रजी अक्षरांत आमच्या घराण्यातलं एक नाव. ती पाण्याच्या तांब्यावर झाकण म्हणून असायची.

ते नाव आजोबांच्या थोरल्या चुलत्यांचं. घरात त्यांना थोरले तात्या म्हणत. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर ते मेसोपोटेमियात गेले आणि परत आले नाहीत. युद्धात मेलेल्यांच्या घरी इंग्रज सरकार अशी चकती पाठवायचं. तिच्या कडेने कोरलेलं असतं की हा माणूस स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. कुणाच्या स्वातंत्र्यासाठी, हा प्रश्न कॉलेजात असताना मी मोठ्या ऐटीत विचारत असे. महिना अकरा रुपयांवर परक्या राजाच्या नोकरीत शिरलेला माणूस, ज्यांनी आपलं काही बिघडवलं नाही त्यांच्यावर गोळ्या झाडायला समुद्रापार गेला. त्याच्यासाठी घरच्यांनी रडावं, पण भिंतीवर त्याला जागा कशाला? झाकण ठीक आहे. हे मत मी पुढेही वर्षानुवर्षं बाळगलं. माझा एक चुलतभाऊ फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाला. त्याच्याशी या विषयावर माझी दर दिवाळीला वादावादी व्हायची.

मत बदललं ते अभिमान दाटून आल्यामुळे नाही, एवढं आधी सांगून टाकतो.

तात्या पुणे डिव्हिजनमध्ये होते. १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी त्या डिव्हिजनमध्ये होत्या. जनरल टाउनशेंडने तिला तैग्रिसच्या काठाने बगदादच्या दिशेने नेलं. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला प्रचंड नुकसान सोसून ती मागे फिरली आणि कूट-अल-अमाराला वेढ्यात अडकली. ७ डिसेंबर ते पुढच्या २९ एप्रिलपर्यंत. शेवटी तोफा ओढणारे घोडे मारून खायची वेळ आली. हिंदी शिपायांनी ते मांस खावं म्हणून हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवली गेली. तरी आठवडेच्या आठवडे बरेच जण तयार होईनात, कारण गावी परतल्यावर भाऊबंद काय म्हणतील, ही धास्ती. या वेढ्याचा इतिहास वाचताना इथे मी थांबलो. उपाशी मरायची पाळी आलेला तो माणूस आमच्याच आळीचा विचार करत होता. ज्याला मी साहेबाचा चाकर म्हणून निकालात काढलं होतं, त्याच्या मनात साहेब कुठे होता?

सुमारे १३ हजार माणसं शरण गेली. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर सन्मानाने ठेवलं. शिपायांना वाळवंटातून पायी नेलं आणि रस-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर जुंपलं. तात्या वाटेत गेले की कामावर, हे कुणाला ठाऊक नाही.

ज्यांची थडगी सापडली नाहीत, अशा ४० हजारांहून अधिक माणसांसाठी इंग्रजांनी १९२९ साली बसऱ्याला स्मारक उभं केलं. तिथे गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार आकडे लिहिले. मराठे इतके, पंजाबी इतके. (गंमत म्हणजे घरोघर पाठवलेल्या चकतीवर मुद्दाम हुद्दा घातलेला नव्हता, बलिदान सगळ्यांचं सारखं म्हणून.) या भेदभावाची कबुली युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या आयोगाने स्वतःच्या अहवालात दिली ती २०२१ साली.

मला खटकलं ते इंग्रजांचं वागणं नव्हे. ते काही नवीन नाही. खटकलं ते हे की साम्राज्याने तात्यांना आकड्यात बसवलं आणि मी, देशभक्तीच्या नावाखाली, तोच हिशेब घरात चालवत होतो. त्यांच्या दृष्टीने ते नाव कोरण्याइतके मोठे नव्हते, माझ्या दृष्टीने टांगण्याइतके शुद्ध नव्हते.

आणि शुद्धतेचं म्हणाल तर आजोबा भूमिगत असताना घर कशावर चालत होतं? तात्यांच्या पत्नीच्या, म्हणजे थोरल्या काकींच्या पेन्शनवर. इंग्रज सरकारची मनीऑर्डर येई, काकी अंगठा उठवत, आणि त्या पैशांतल्या ज्वारीची भाकरी रात्री मळ्यात लपलेल्या कार्यकर्त्यांना जाई. आजोबांनी हे कधी लपवलं नाही. मीच ते ऐकून बाजूला ठेवत असे. आणि ही सरमिसळ आमच्या घरापुरतीही नव्हती. खुद्द टिळकांनी १९१८ मध्ये गांधीजींकडे पन्नास हजारांचा चेक पाठवला होता. हिंदी लोकांना सैन्यात अधिकारपदं देण्याचं सरकारने कबूल केलं तर महाराष्ट्रातून पाच हजार माणसं भरतीला देतो, याची ती हमी होती.

आता चकती भिंतीवर आहे. भाऊ खूश झाला, पण फार नाही, कारण तिच्याखाली 'वीर' लिहायला मी नकार दिला. तात्या शूर होते की घाबरलेले, मला माहीत नाही. ज्या अरबांच्या आणि तुर्कांच्या मुलखात ते बंदूक घेऊन गेले, त्यांचं काय, हा माझा जुना प्रश्नही मी सोडलेला नाही. सध्या गावोगाव लागणारे शौर्याचे फ्लेक्स मला आजही बघवत नाहीत.

आमच्या चावडीत संगमरवरी पाटी आहे. गावातून महायुद्धात इतके गेले, पैकी इतके मेले. नावं नाहीत. ती गोळा करायचं काम भाऊ आणि मी मिळून करतोय. बौद्धवाडीत गेलो तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "आमचे आजोबा या आकड्यात धरलेत का?" महारांची भरती १८९०च्या दशकात बंद झाली होती. ती पुन्हा सुरू करा म्हणून शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली विलायतेला अर्ज पाठवला. १९१७ मध्ये गरज पडल्यावर १११वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडलीही. त्या गृहस्थांचे आजोबा त्या पलटणीतले. आकड्यात आहेत की नाहीत, पाटीवरून कळत नाही. यादीत आम्ही त्यांना घेतलं आहे.

नव्या पाटीवर नावं कशी लावायची, यावर मात्र आमचं अडलंय. भाऊ म्हणतो, फौजेच्या रिवाजाप्रमाणे हुद्द्यानुसार, आधी सुभेदार, मग हवालदार, मग शिपाई. मी आडनावांच्या अकारविल्हे म्हणतो. हुद्द्यानुसार लावल्याचं काय होतं ते बसऱ्याला दिसलंच आहे, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, बघू, ग्रामसभेत ठेवू.