सातजण, एक वही आणि मावशींचा जिना

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच.

नानाखेड्याला आमचं आर्किटेक्टचं छोटंसं ऑफिस आहे. मी, आमचे हे आणि पाचजणांचा स्टाफ. गेल्या जानेवारीत मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, आमच्याकडे वर्षाचं टार्गेट ठरवायला सगळ्यांना एक दिवस ऑफिसबाहेर नेतात. तुम्ही पण जा की." ह्यांना कल्पना एकदम पसंत. 2028 चा सिंहस्थ समोर आलेला. ज्याला त्याला यात्रेकरूंसाठी खोल्या काढायच्या आहेत, फोन थांबत नव्हते.

शनिवारी सकाळी पोहे-जलेबी खाऊन दोन गाड्यांतून क्षिप्रेकाठच्या वेधशाळेत गेलो. सवाई जयसिंहांनी बांधलेली ही वेधशाळा पुढे ओस पडली होती. 1923 मध्ये माधवराव महाराज शिंद्यांनी ती दुरुस्त करून पुन्हा सुरू केली. गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक, म्हणजे आपल्यातलेच. सम्राट यंत्रावर वेळ बघितली. माझ्या घड्याळात साडेदहा, सावलीप्रमाणे दहाही वाजले नव्हते! आमचा ड्राफ्ट्समन म्हणाला, "म्हणजे आपण उशीर केलेलाच नाही."

झाडाखाली सतरंजी घातली. ह्यांनी वहीत लिहिलं : सिंहस्थापर्यंत वीस कामं. कोण कुठली साइट बघणार, नकाशे कोण काढणार, पटापट वाटण्या झाल्या. तेवढ्यात आमच्याकडे नवीनच लागलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, पिछले सिंहस्थ में जो बनाए थे, वो अब कैसे हैं?"

कोणी बोलेना. 2016 च्या आधी आम्ही अशी सहा घरं केली होती. पैसे मिळाल्यावर एकाही घरी परत गेलो नव्हतो.

हे म्हणाले, "जेवण झाल्यावर बघू." मी म्हटलं, आत्ताच जाऊ.

पहिलं घर जुन्या शहरातलं, माझ्या आईच्या मैत्रिणीचं. खालच्या सगळ्या खोल्या यात्रेकरूंना काढून घरच्यांना वर नेण्याचा प्लॅन माझाच होता. तेव्हा मोठी हुशारी वाटली होती. मुलगा हसून म्हणाला, "धंदा छान आहे, ताई." मी विचारलं, "मावशी कुठेयत?"

मावशी वरच्या खोलीत पलंगावर. गुडघे गेलेले. मी काढलेला जिना उभा, अरुंद, वळणावर कठडाच नाही. जागा वाचवली होती ना! मावशी दोन वर्षांत खाली उतरल्या नव्हत्या. मला बघून म्हणाल्या, "तू काढलास होय जिना? चांगलाय गं. पण माझ्या उपयोगाचा नाही." आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

परत येताना गाडीत सगळे गप्प. संध्याकाळी ऑफिसात ह्यांनी वही उघडली, वीस खोडून आठ केलं. खाली लिहिलं : दर महिन्याचा शेवटचा शनिवार, जुन्या घरांना भेट. स्टाफसमोर मी एवढंच म्हटलं की चूक माझी होती, नकाशावर सही माझी आहे. आठ कामांत पगार कसे निघणार, यावर रात्री घरी आमचं चांगलंच वाजलं, ते सांगत नाही.

मावशींच्या मुलाला मनवायला तीन फेऱ्या झाल्या. सिंहस्थाच्या तोंडावर एका खोलीचं भाडं सोडायचं म्हणजे खायचं काम नाही. शेवटी मागची खोली त्याने मोकळी केली. आम्ही फी न घेता तिथे बिनउंबऱ्याचं दार, कमोड आणि भिंतीला दांड्या बसवल्या. चैत्रात मावशींना खुर्चीवर बसवून चौघांनी खाली आणलं.

चौकात आल्यावर त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "वृंदावन कुठे गेलं?"

यात्रेकरूंच्या गाड्या लागाव्यात म्हणून तेही आम्हीच गच्चीवर नेलं होतं. येत्या शनिवारी ते खाली आणायचं आहे.

राहिलेल्या पाच घरांपैकी तीन बघून झाली. तिथलंही लिहीन. तुमच्याकडे 2016 च्या आधी असं काम झालं असेल, तर घरातली वयस्कर माणसं आता कुठल्या मजल्यावर राहतात, तेवढं जरूर सांगा.